पित्ताचं भाषांतर

मला पित्त आहे. म्हणजे अधूनमधून होतं असं नव्हे, ते आमच्या घरात माणसासारखं राहतं. बाहेरगावी जायचं तर आधी त्याचा विचार, लग्नाचं जेवण असेल तर आधी त्याची परवानगी. स्वयंपाकघरातल्या देवघरात देव मोजके, पण खालच्या फळीवर मोरावळा, सुंठपूड, आमसुलं, जिऱ्याचं पाणी आणि तीन प्रकारच्या गोळ्या. वडिलांना पित्त होतं, आजोबांना होतं. हेरवाडकरांच्या घराण्यात कुणी कधी रागावलं नाही, रडलं नाही, घाबरलं नाही. सगळ्यांना फक्त पित्त झालं.

मी अवधूत हेरवाडकर. मिरजेच्या बाजारात चष्म्याचं दुकान आहे. आता डोळे तपासायला माणूस लागत नाही. गिऱ्हाईक यंत्रासमोर बसलं की डोळ्यांची उघडझाप होईस्तोवर नंबर कागदावर येतो. तरी माझं दुकान चालतं, कारण यंत्र नंबर सांगतं, समाधान सांगत नाही. माणसाला विचारलेलं आवडतं. म्हणून मी अजून जुनी तपासणीची चौकट नाकावर चढवतो, एक भिंग घालतो, ते काढून दुसरं घालतो आणि विचारतो, "पहिलं बरं की दुसरं?" आयुष्यात मी हे वाक्य जेवढ्या वेळा म्हटलं असेल तेवढं देवाचं नावही घेतलं नसेल.

माझी बायको मृणाल मृदाशास्त्रज्ञ आहे. आमच्या भागात कृष्णेच्या पाण्यानं ऊस झाला आणि त्याच पाण्यानं जमिनीवर मीठही आलं. अशा क्षारपड जमिनीखाली सच्छिद्र नळ्या पुरून मीठ धुऊन काढायचं, हे तिचं काम. गमबूट घालून ती चिखलात उतरली की भले भले बागायतदार बांधावर गप्प उभे राहतात.

तिला कच्छहून बोलावणं आलं, तिथून ही गोष्ट सुरू होते.

सकाळचा चहा चालला होता. तिनं फोन माझ्यासमोर ठेवला. भुजजवळ खाऱ्या जमिनीचा मोठा प्रकल्प होता. तिला दोन पर्याय दिले होते. एक वर्ष सल्लागार म्हणून जायचं, किंवा चार वर्षं तिथंच राहून सगळं काम सांभाळायचं. महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं.

"काय वाटतं तुला?" तिनं विचारलं.

"तुझं तू ठरव. मला काही नाही," मी म्हणालो.

"मला परवानगी नकोय, अवधूत. मला माहिती हवीये. तुला काय वाटतं?"

"अगं, चांगलंच आहे की. चांगलंच वाटतं." एवढं बोलून मी उठलो आणि फ्रीजमधून थंड दूध काढलं, कारण छातीपर्यंत जळजळायला लागलं होतं.

तिनं माझं दूध संपू दिलं. मग शांतपणे म्हणाली, "हे बघ. आपली पोरगी मोठी झाली, मुक्ता बंगळुरात तिच्या कामात रमलीये. घरात आपण दोघंच. मी गेले काय आणि राहिले काय, या घरात फरक कुणाला पडतो हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. महिनाअखेरपर्यंत तू मला खरं काय ते सांगितलंस, तर मी एक वर्षाचं घेते आणि परत येते. नाहीतर चारचं घेते. आणि मग परत येण्याचं आपण धरूनच चालायचं नाही."

तिचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. भांडली असती तर मी तिकडं दुर्लक्ष केलं असतं. मी म्हणालो, "पित्त झालंय गं, नंतर बोलू," आणि दुकानात गेलो.

त्या आठवड्यात जळजळ इतकी वाढली की मी दवाखाना गाठला. मिरजेत दगड मारला तर डॉक्टरला लागतो, तेव्हा त्याची काही अडचण नव्हती. डॉ. तबस्सुम शिकलगार पोटविकाराच्या संशोधक, वयानं माझ्याहून बऱ्याच लहान. त्यांनी दुर्बीण घालून पोट बघितलं आणि म्हणाल्या, "हेरवाडकर साहेब, तुमच्या पोटात काहीच नाही."

"काहीच नाही?" मला जरा अपमान झाल्यासारखा वाटला. वडिलोपार्जित इस्टेटीचे कागद खोटे निघावेत तसं झालं.

"आम्ल थोडंफार वाढतं, पण जळजळ होण्याइतकं नाही. तुमच्यासारखे बरेच पेशंट येतात. त्यांच्यासाठीच एक प्रयोग सुरू केलाय. येता का?"

त्यांनी मला सुती कापडाचा एक पट्टा दाखवला. आत केसासारख्या बारीक तारा विणलेल्या. मी काही शास्त्राचा माणूस नाही, पण त्यांनी समजावलं ते मला असं कळलं.

पोटाला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं. जठर एका संथ ठेक्यात, मिनिटाला साधारण तीन लाटा, असं हलत असतं. मनात काही झालं की तो ठेका बिघडतो, श्वास बदलतो, हृदय बदलतं. या सगळ्याची खबर मेंदूला जाते. गंमत अशी, की पोटाकडून वर जाणारे निरोप खाली येणाऱ्या निरोपांपेक्षा कितीतरी जास्त असतात. पण वर जाते ती फक्त खळबळ. तिचं कारण सोबत जात नाही. कारण मेंदू अंदाजानं ठरवतो, आणि अंदाज करताना जुन्या अनुभवांना दिलेली नावं हाताशी धरतो.

"म्हणजे ज्याच्याकडं जितके शब्द, तितके त्याचे अंदाज बारीक," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्याकडं किती आहेत?"

मी विचार केला. "बरं वाटतंय. आणि पित्त झालंय."

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "हा पट्टा पोटाचा ठेका, नाडी, श्वास, सगळं वाचतो. त्यावरून तो जवळचे दोन शब्द निवडतो आणि या इअरफोनमधून तुमच्या कानात विचारतो, यातला कुठला? तुम्ही निवडलंत की तो शिकतो. तुम्हीही शिकता. हळूहळू शब्द वाढतात आणि खळबळ सुटी सुटी व्हायला लागते. बऱ्याच जणांची जळजळ त्यानं कमी झालीय."

"म्हणजे पहिलं बरं की दुसरं?"

"बरोबर तसंच," त्या म्हणाल्या. मला एकदम घरच्यासारखं वाटलं, आणि मी सही केली.

दुसऱ्या दिवशी म्हैसाळचे रामू नाना आले. वय झालेलं, नजर कमी. मी चौकट चढवली. आधी गोल नंबराचं भिंग घातलं. नानांनी तक्त्यावरच्या बाकीच्या ओळी वाचल्या, शेवटची येईना. मग ते भिंग तसंच ठेवून त्याच्यावर दुसरं, आडव्या नंबराचं बसवलं. लोकांना वाटतं, एक काढायचं आणि एक घालायचं, एवढंच. पण पुष्कळ डोळ्यांना दोन्ही एकावर एक लागतात, त्याशिवाय शेवटची ओळ उघडतच नाही.

"आता दिसाय लागलं बघा!" नाना खूश झाले. मग म्हणाले, "मागच्या साली आलो आस्तो तर नातवाचं लगीन धड बघितलं आस्तं की वो. सगळी नुसती हळदीगत पिवळी दिसली."

ते गेले आणि मला जळजळलं. हात गोळीकडं गेला. तेवढ्यात कानात एका बाईचा शांत आवाज आला. "हळहळ की चुटपुट? दुसऱ्याचं काही हुकलं म्हणून वाटते ती हळहळ. आपल्या हातून राहून गेलं म्हणून लागते ती चुटपुट."

मी दुकानाच्या मधोमध उभा राहून विचार करू लागलो. नानांना मीच निरोप पाठवणार होतो, तपासणीची वेळ झाली म्हणून. राहून गेलं होतं.

"चुटपुट," मी म्हणालो.

आणि काय सांगू, जळजळ थांबली नाही, पण तिला कडा आल्या. आधी सगळं पोट धूसर होतं. आता त्यात एक छोटी गोष्ट स्पष्ट दिसत होती. मी नानांच्या नातवाला फोन लावला आणि लग्नाचं चित्रण घेऊन आजोबांना नव्या चष्म्यासकट दुकानात आणायला सांगितलं. मोठ्या पडद्यावर दाखवू म्हटलं. फोन ठेवला तेव्हा पोट शांत होतं. गोळी तशीच हातात राहिली होती.

मग मला नादच लागला. नवा मुल्ला सात वेळा बांग देतो म्हणतात, तशी माझी गत झाली. शेजारच्या दुकानदारानं माझ्या दारात गाडी लावली की पूर्वी नुसतं पित्त खवळायचं. आता बाई विचारायची, "राग की चरफड?" काही करता येत नाही आणि आतल्या आत धुमसतो ती चरफड, हे कळल्यावर मी सरळ जाऊन त्याला गाडी काढायला सांगितलं. त्यानं काढलीही! मुक्ताचा फोन आला नाही की "काळजी की हिरमोड?" एका बारशाला मी चुकीच्या बाळाच्या आईचं अभिनंदन केलं, तेव्हा "ओशाळलात की कानकोंडे झालात?" हे दोन वेगळे आहेत हे मला त्या दिवशी कळलं. पहिल्यात मान खाली जाते, दुसऱ्यात पाय दाराकडं जातात.

शब्द काही नवे नव्हते. सगळे माझ्याच भाषेतले, लहानपणापासून कानावर पडलेले. फक्त ते मी कधी स्वतःला लावून बघितले नव्हते. भिंगांची पेटी घरात असून डोळे चोळत बसावं, असा प्रकार.

मृणालला मी हे सगळं उत्साहानं सांगायचो. ती ऐकून घ्यायची. तिच्या प्रश्नाचं मात्र मी काही बोलत नव्हतो. एका संध्याकाळी ती कच्छच्या मातीचे अहवाल वाचत बसली होती. तिच्या कपाळावरची ती आठी बघून मला पोटात कसंतरी झालं. पट्टा कानात काहीतरी म्हणाला. मी लगेच म्हणालो, "मृणाल, मला तुझ्याबद्दल आदर वाटतोय."

तिनं अहवाल खाली ठेवला. "हा शब्द तुझा की पट्ट्याचा?"

मी कमरेचा पट्टा चाचपला.

"शाळेत वहीवर नक्षीचं अक्षर काढून आणलं की बाई विचारायच्या ना, कुणी लिहून दिलं म्हणून? तसं वाटलं मला," ती म्हणाली. "मला तुझं खराब अक्षर चालेल रे."

मला ते फार लागलं. पट्टा विचारत होता, "खंत की अपमान?" मी त्याला उत्तर दिलं नाही.

पुढच्या तपासणीला डॉ. शिकलगारांनी पडद्यावर माझ्या पोटाच्या लाटा लावल्या. "एक विचारू? तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात, तूरडाळीनं पित्त होतं."

"नक्की होतं. तूरडाळ आमच्या घरात बंदच आहे. मुगाची खातो."

"मग हे बघा. गेल्या मंगळवारी तुम्ही दोन-तीनदा पित्त झालं म्हणून नोंदवलंत. डाळ खाल्ली नव्हती. जेवणही झालं नव्हतं. तेव्हा काय चाललं होतं?"

मी आठवून सांगितलं. मृणाल माळ्यावरून मोठी बॅग काढत होती. तिला धूळ झटकायची होती.

"अशा लाटा आणखी दोनदा आल्यात," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्याच नोंदी सांगतात, एकदा तुमच्या मिसेस शिरोळला दोन दिवस गेल्या तेव्हा. एकदा त्यांनी फोनवर तिकिटाची चौकशी केली तेव्हा. डाळ कुठंच नाही."

मला सगळा घोटाळा एका क्षणात दिसला. मृणाल लातूरची. तूरडाळ म्हणजे तिचं माहेर. लग्नानंतर तिला पाहणीसाठी चार-चार दिवस गावोगाव जावं लागे. जायच्या आदल्या दिवशी ती पातेलंभर आमटी करायची. चिंचगुळाची, काळ्या मसाल्याची, माझे दोन दिवस तरी निघावेत म्हणून. तिची बॅग दारात आणि माझ्या ताटात आमटी, हे दर वेळी बरोबर यायचं. आणि दर वेळी मला जळजळायचं. मी म्हटलं, तूर बाधते. तिनं मुकाट्यानं तूर बंद केली. स्वतःसाठीही आमटी केली नाही, कारण दोन डाळी कोण शिजवणार.

चोर सोडून मी संन्याशाला सुळी दिलं होतं. आणि ती मात्र माहेरी गेली की पहिल्या घासाला डोळे मिटून आमटी भुरकायची. मी समोर बसून ते बघितलंय.

"काय वाटतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"थांबा," मी म्हणालो. "पट्ट्याला विचारू नका. माझं मला बघू द्या."

महिन्याचा शेवटचा रविवार आला. मृणालला दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं. दुपारी ती शेतावर गेली होती. मी दुकान लवकर बंद करून घरी आलो आणि स्वयंपाकघरात उभा राहिलो.

पट्टा कमरेला होताच. तिच्या कच्छचा विचार केला की बाई विचारायची, "कौतुक की हेवा?" मी कौतुक म्हणायचो आणि पोट मुळीच शांत व्हायचं नाही. हेवा म्हणून बघितलं, तरी नाही. मग ती विचारायची, "हुरहूर की धाकधूक?" हुरहूर म्हटलं, तरी लाट तशीच. धाकधूक म्हटलं, तरी तशीच. शेवटी बाई म्हणाली, "जुळणारा शब्द सापडला नाही. पुन्हा निवडा."

मला हसू आलं. एवढं हुशार यंत्र, पण ते दर वेळी एक भिंग काढून दुसरं घालत होतं.

मी पट्टा सोडला, घडी करून गोळ्यांच्या फळीवर ठेवला आणि तूरडाळ धुवायला घेतली. वाण्याकडून खास आणली होती.

मृणाल आली तेव्हा सगळ्या घरात फोडणीचा वास होता. ती दारातच थांबली. "हे काय?"

"आमटी. जरा दाट झालीये."

"तूर? तुला बाधते ना?"

"बैस," मी म्हणालो. "तूर मला कधीच बाधली नाही. तुझं जाणं बाधायचं. तू आमटी करून जायचीस, म्हणून मी आमटीवर आळ घेतला. तुझी डाळ तुझ्या ताटातून मी उगाच काढली, मृणाल."

ती हळूच खुर्चीवर बसली. पायात अजून चिखलाचे गमबूट तसेच.

मी बोलत राहिलो, कारण थांबलो असतो तर परत थंड दुधाकडं गेलो असतो. "तू विचारलं होतंस, काय वाटतं. तर ऐक. तुझं मला कौतुक आहे, इतकं की मी गिऱ्हाइकांना तुझ्या नळ्यांबद्दल सांगत बसतो. आणि मला तुझा हेवाही वाटतो. तुला लांबून बोलावणं आलं, मला सांगलीहूनही येत नाही. तू गेल्यावर संध्याकाळी घरात यायचं या विचारानं हुरहूर लागते, ती तू जायच्या आधीच लागलीये. आणि धाकधूक आहे, तिकडं तुझं सगळं छान चालेल आणि माझ्यावाचून काही अडणार नाही याची. हे एकामागून एक नाही. एकदमच आहे. म्हणून त्याला नाव सापडत नव्हतं."

ती माझ्या कमरेकडं बघत होती. "हे शब्द—"

"शब्द पट्ट्यानं दिले," मी म्हणालो. "अक्षर माझं आहे. पट्टा त्या फळीवर आहे, बघ."

तिनं फळीकडं बघितलं. मग ती टेबलावरचे डाळीचे शिंतोडे बोटानं पुसू लागली. "मग एक वर्षाचं घेऊ?" तिनं विचारलं. "मी म्हटलं होतं तसं."

आणि इथंच माझा धंदा कामाला आला. "एका वर्षात तुझी माती धुऊन होते?"

"नाही," ती म्हणाली. "तीन पावसाळे तरी जावे लागतात."

"मग चारचं घे. आणि परत ये. यातलं पहिलं की दुसरं असं नाहीच. एक तसंच ठेवून त्यावर दुसरं बसवायचं. महिन्यातून एक आठवडा मी भुजला येतो. तिकडच्या लोकांनाही डोळे असतीलच की."

हे बोलताना माझा आवाज कापला, तो मी कापू दिला.

तिनं आमटीची वाटी जवळ ओढली, एक घोट घेतला. डोळे मिटले. मीठ जास्त झालं होतं, ते मला नंतर कळलं. क्षारपड जमिनीवर आयुष्य काढलेल्या बाईनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

मला एकदम लक्षात आलं, की इतकी वर्षं हा प्रश्न तिनंच मला विचारला. मी तिला कधी विचारलाच नाही. तिच्याकडं सगळ्याला शब्द असतात, तिला काय विचारायचं, असं धरून चाललो होतो.

"तुला काय वाटतंय, मृणाल?"

तिनं डोळे उघडले. वाटी खाली ठेवली. तळहात छातीखाली, बरोबर मी ठेवतो त्याच जागी ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी भरून आलं होतं आणि ती माझ्याकडं बघून हसायचा प्रयत्न करत होती.

"मला ना," ती म्हणाली, "पित्त झालंय बहुतेक."

मी उठलो. गोळ्यांच्या फळीकडं गेलो नाही. माझी खुर्ची तिच्या खुर्चीला लागेल इतकी जवळ ओढली, बसलो, आणि गिऱ्हाइकाला विचारतो तसं सावकाश म्हणालो, "होऊ दे. घाई नाही. पहिलं काय दिसतंय ते सांग."